साहेबाच्या दगडावर धुणं

घाटावर तिला कुणी नावानं हाक मारत नसे. 'आदळआपट' म्हणत. धुणं आपटायची तशी माणसंही आपटायची, म्हणून. जातीची परटीण, नवरा गेल्यावर दवाखान्याच्या चादरी धुऊन तिनं घर ओढलं. जीभ तिखट, पण चादर अशी निघायची की नाव ठेवायला जागा नाही.

तिचा दगड घाटावर सगळ्यांत मोठा. त्याची गोष्ट सासूनं तिला पहिल्या दिवशीच सांगितली होती. हा घाट मुळात परटांचा. गोरा साहेब गलबत घेऊन आला, त्याला माल उतरवायला नेमकी हीच जागा हवी झाली. परटांचे दगड उचलून त्यानं वखारीच्या पायात घातले, माणसांना खाली गटाराच्या तोंडाशी हाकललं, आणि वर स्वतःच्या नावाचा दगड उभा केला. पुढे साहेबाचं राज्य गेलं, वखार पडली, परीट परत आले. तेव्हा आजेसासूनं तो दगड बैल जुंपून ओढत आणला आणि पाण्याकाठी आडवा टाकला. अक्षरं वर.

"त्यानं आपले घेतले, आपण त्याचा घेतला. आता रोज हाणा," म्हातारी म्हणाली होती. घरात तीन पिढ्या हाणत आल्या.

मग गावाला आपला वाढदिवस आठवला. उत्सव समितीचे सचिव घाटावर आले. अंगात तिनंच धुतलेला सदरा. मागे तिचा दीर. दगडाची बातमी त्यानंच पोचवली होती. बागेतल्या चौकीदाराची जागा कबूल झाली होती त्याला.

सचिवांनी फेस बाजूला सारून अक्षरं वाचली. "'इथे काही नव्हतं. मी आलो आणि बंदर वसलं.' केवढा ठेवा आहे हा! बागेत मांडायला हवा."

"काही नव्हतं?" तिनं पिळा खाली ठेवला. "मग मेल्याचे सदरे कोण धूत होतं?"

"बाई, हा इतिहास आहे."

"असेल. सध्या त्याच्यावर माझ्या चादरी आहेत."

"वहिनी, दगडच तर आहे," दीर म्हणाला. "दुसरा बघू."

"दाखवा ना भावजी. आहे का घाटावर एक तरी रिकामा? ज्याचा दगड त्याची जागा. हा उचलला की मलाच उचललं."

"तुमच्या जिभेला काही हाड?"

"हाड तुम्हाला टाकलंय त्यांनी. चघळा."

क्रेन आली तेव्हा ती पाण्यात उभी राहिली. बाकीच्या बायका खाली मान घालून धूत होत्या. दगड वर गेला, तशी शेजारीण आपलं टोपलं घेऊन मोकळ्या जागेत सरकलीसुद्धा. संध्याकाळी आदळआपटनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले. पण मागितलं काहीच नाही. त्या दिवशी देवाशीही तिचं वाकडं होतं.

उभा केला तर तडकेल म्हणून समितीनं दगड बागेत, बुटक्या चौथऱ्यावर आडवाच ठेवला. भाषणं झाली. साहेबानं ओसाडातून गाव कसं उभं केलं, ते सगळ्यांनी टाळ्या वाजवून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं डोक्यावर घेऊन बागेत शिरली. झाडांना पाणी घालायचा नळ जवळच होता. बादली भरली, पदर खोचला.

दीर नवी टोपी सावरत धावत आला. "वहिनी, इथं धुता येत नाही!"

"का? दगड तोच, हात तेच. पाणी तर आयतं."

"अहो, माझी नोकरी जाईल!"

"माझी गेली तेव्हा तुम्ही सचिवांबरोबर चहा पीत होता."

"हात जोडतो, वहिनी. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमच्या आजीनं सांगितलेलं काम करतेय."

तिनं भिजलेली चादर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. साहेबाचं नाव खाली स्वच्छ घासून, रंग भरून ठेवलेलं होतं.

"सरका भावजी," ती म्हणाली, "शिंतोडे उडतील."

टोपी काढून पोटाशी धरत तो मागे सरकला.