मडगार्डखालचे पाच मिलिमीटर

रविवार, ९ मार्च. रक्कम अठ्ठेचाळीस हजार सहाशे रुपये. हजर माणसं चार: माझा थोरला भाऊ, वहिनी, खोपोलीच्या शिळफाट्याचा टायरवाला आणि मी. पैसे दादाने दिले. कोणती रिमं आणि कोणते टायर घ्यायचे, ते मी ठरवलं होतं. टायरवाल्याने माझ्या वहीतले आकडे पावतीवर उतरवून घेतले आणि खाली लिहिलं, ‘माप ग्राहकाचे.’

"असं कशाला लिवतो रं?" दादाने विचारलं.

"शेठ, उद्या घासलं तर माझ्या अंगावर नको."

"घासनार नाय. आमच्या याने मापलंय. कंपनीत स्टोअर सांभाळतो हा, सव्वीस वर्षं झाली. एक बोल्ट इकडचा तिकडं होत नाय."

मी पावती घडी करून वहीत ठेवली. खरं तर ती ओळ वाचून मला बरंच वाटलं होतं.

गाडी आमची नव्हती, म्हणजे नंतर झाली. लांब बॉनेटची, चार दिव्यांची, तेहेतीस-चौतीस वर्षांपूर्वीची. ते मॉडेल केव्हाच बंद झालं. कोंडाण्याच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता आणि दादा नऊ वर्षं त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. त्या नऊ वर्षांत वहिनी त्या गाडीत एकदाही बसली नाही. बंगल्यावर डबा द्यायला जायची, तेव्हा गाडी पुसताना दादा तिला दिसायचा, एवढंच. शेठ गेले, गाडी शेडमध्ये पडून राहिली, आणि मागच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलाने ती दादाला स्वस्तात दिली. दादाने इंजिन उघडलं, रंग दिला, सीट शिवून घेतल्या. राहिली चाकं. मूळची तेरा इंची, अरुंद. एवढ्या मोठ्या अंगाखाली ती गाडी बारक्या पायांवर उभी असल्यासारखी दिसायची. दादाला रुंद हवी होती.

आमच्याकडे रीत आहे की गाडी नवी घेतली किंवा नवी केली, की आधी कार्ल्याच्या देवीला नेऊन आणायची. चैत्रातली गर्दी सुरू व्हायच्या आत म्हणून दादाने २३ मार्चचा रविवार धरला. जाणार होते दादा, पुढच्या सीटवर वहिनी, मागे माझी बायको, माहेरपणाला आलेली पुतणी आणि तिचं दीड वर्षाचं बाळ. आमच्या कडावहून कर्जत, तिथून खोपोली, मग जुन्या रस्त्याने घाट. मला जमणार नव्हतं, कारण कंपनीत मार्चअखेरची मालमोजणी त्याच रविवारी होती. म्हणजे माझ्या आकड्यांवर घाट चढणाऱ्या गाडीत मी सोडून घरातलं जवळजवळ सगळं माणूस होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटलं नव्हतं.

मापं कशी घेतली ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मागचं उजवं चाक काढलं. मडगार्डच्या आत वळवलेल्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला. ज्या तोंडावर रिम बसतं तिथपासून ओळंब्यापर्यंत एकशे अठरा मिलिमीटर भरले. ही बाहेरची जागा. आतली जागा स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत, ती भरपूर होती. मग दुकानात नमुन्याला असलेलं तसलंच नवं रिम पालथं ठेवलं, आतल्या काठावर सरळ पट्टी टाकली आणि पट्टीपासून बसायच्या तोंडापर्यंतची खोली मोजली. टायरवाले हिला बॅकस्पेसिंग म्हणतात. एकशे दोन आली. रिमवर रुंदी कोरलेली होती, सात इंच, म्हणजे एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यातून एकशे दोन गेले, उरले शहात्तर. तेवढं रिम बाहेर येणार. टायरच्या फुगवट्याचे बारा धरले, अठ्ठ्याऐंशी. एकशे अठरातून अठ्ठ्याऐंशी गेले, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये उरले तीस. टायर दोनशे पाच रुंदीचा, पंधरा इंची, उंचीला जुन्याच्या जवळपास, म्हणजे वेगाचं मीटरही खोटं बोलणार नव्हतं. हिशोब तीनदा केला. तिन्ही वेळा तीसच आले.

रिमं मुंबईहून आली आणि मंगळवारी चढली. त्या दिवशी मी कामावर होतो. दादाने फोनवर फोटो पाठवला. गाडी रुबाबदार दिसत होती.

शनिवारी दुपारी चारला मी घरी आलो तेव्हा दादाने गाडी अंगणात भिंतीला लावून ठेवली होती. आमच्यात बैलगाडी नवी केली की आधी भाताची पोती भरून बघतात, मग माणसं बसवतात. दादाने तेच केलं. मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून पन्नास किलोचे सहा कट्टे, मधोमध रचलेले. गाडी खाली बसली आणि टायर वर मडगार्डच्या आत गेला, कुठेही न टेकता.

"बघ, कसा म्यानात तलवारीसारखा गेला," दादा म्हणाला.

मी वाकून बघितलं. टायर आत गेला होता हे खरं. पण कड आणि टायर यांच्यामध्ये माझी करंगळी जाईना. मी घरातून पट्टी आणली. पाच मिलिमीटर.

"दादा, इथं तीस पायजे. पाचच हाय."

"पाच तर पाच. टेकतोय का?"

"टेकत नाय."

"मग झालं ना रं. आता काय देवीला पट्टी दाखवून विचारनार?"

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती, ती हसली. मीही हसलो. मग दादाने सांगितलं की डाव्या बाजूचं हेच मडगार्ड त्याच्या हातून एकदा बंगल्याच्या फाटकाला लागलं होतं आणि ठोकून सरळ केलं होतं. मला कारण मिळालं. उजवी बाजू भिंतीला लागून होती, तिकडे हात पोचत नव्हता. गाडी पुढे घे, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. वहीत लिहिलं, ‘फरक पंचवीस. मडगार्ड ठोकलेले असल्यामुळे.’ पंचवीस मिलिमीटर म्हणजे बरोबर एक इंच. ठोकलेला पत्रा बरोबर एक इंच चुकत नाही. हे सव्वीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

रविवारी साडेसहाला ते निघाले. मी त्याआधीच मोटारसायकलने खालापूरला कंपनीत पोचलो होतो. सव्वासातच्या सुमाराला आम्ही पाइपांच्या रॅकपाशी होतो. मोजणीला आलेला ऑडिटर नवा होता. त्याने एका पाइपला माझा व्हर्निअर लावला आणि तोंड वाकडं केलं.

"साहेब, कार्डावर दोन इंच लिहिलंय. हा साठ मिलिमीटर भरतोय. दोन इंच म्हणजे पन्नास-एक्कावन ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतो. मी सवयीने सांगायला लागलो की दोन इंच हे पाइपाचं नाव आहे, बाहेरून मोजलं तर जास्तच भरणार, साईज कुठली धरायची ते...

तिथे मी थांबलो.

रिमवरचे सात इंच हे टायर आत जिथे बसतो तिथलं माप. बाहेरचे दोन्ही काठ धरले की तेच रिम आठ इंच भरतं. आणि खोली मी मोजली होती ती काठावर पट्टी टाकून, म्हणजे काठासकट. एक माप काठासकट, एक काठाशिवाय, आणि एकातून दुसरं वजा. इंच तिथे गेला होता. मडगार्डमध्ये काही नव्हतं. दोन्ही बाजूंना पाचच उरले होते.

कट्टे मधोमध होते आणि गाडी उभी होती, म्हणून टायर सरळ वर गेला. घाटात वळणावर गाडी कलते, पाट्यांवरचं अंग बाजूला सरकतं. पाच मिलिमीटर सरकायला तर फारसं वळणही लागत नाही. आणि मडगार्डची ती कड मी स्वतः बोट फिरवून बघितली होती. पत्र्याची होती. धार होती.

"काय झालं?" ऑडिटरने विचारलं.

"घरची माणसं घाटात आहेत," मी म्हणालो. त्याला त्यातून काय समजलं असेल कोण जाणे. "मी येतो."

दादाला फोन लावला. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, ही त्याची ड्रायव्हरकीची जुनी शिस्त. पुतणीचा बंद. बायकोचा वाजून वाजून थांबला. मी मोटारसायकल काढली.

शिळफाट्याला टायरवाल्याचं दुकान उघडं होतं.

"शेठ आत्ताच गेले. पाऊण तासापण नाय झाला... नाय, अर्धा तास. हवा बघून गेले."

"टायर बघितलेस का तू?"

"बघितले ना. मागच्यांना बाजूला काळी भुकटी होती, दोन्हीकडं. मी बोललो शेठला, थोडं लागतंय वाटतं. ते बोलले, आमच्या भावाचं माप हाय." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "साहेब, लागतंय का?"

मी मोटारसायकलला किक मारली. म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी थोडी डुलली, तेवढ्यानेच टायर घासला होता. तोवर घाटाची वळणं लागलीही नव्हती, आणि आता ती लागून अर्धा तास होत आला होता.

घाट चढताना मी रस्त्याच्या कडेला बघत होतो. प्रत्येक वळणाच्या अलीकडे वेग कमी व्हायचा, तो मी करत नव्हतो, हात करत होता. एका ठिकाणी डांबरावर रबराचा काळा पट्टा होता. दुसऱ्या ठिकाणी फाटलेल्या टायरचा तुकडा पडला होता. मी थांबलो आणि तो उचलून बघितला. ट्रकचा होता, जुना, धूळ बसलेला. टाकला आणि पुढे निघालो. वरून उतरणारे ट्रक नेहमीसारखे येत होते. वर काही झालं असतं तर रस्ता अडला असता, असं मी मनात धरलं. पण दरीच्या बाजूला काही झालं तर रस्ता अडत नाही, हेही लगेच मनात आलं.

घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराच्या, शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी उभी दिसली.

या रस्त्याचा जुना ड्रायव्हर शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही. बरेच जण चालत्या गाडीतून टाकतात. दादा मात्र उतरायचा, हात जोडायचा, आणि आज तर त्याला वहिनीच्या हातून नारळ फोडून घ्यायचा होता. नारळवाल्याकडे सुटे नव्हते, ते आणायला त्याने पोराला पिटाळलं होतं, म्हणून ते केव्हाचे खोळंबले होते. पुतणी बाळाला कडेवर घेऊन सावलीत उभी होती. बायको मला बघून घाबरली.

"अहो, तुम्ही इथं कसे? घरी काय झालं?"

"कायी नाय. गाडीत बसू नका कोनी."

मी मागच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकले. जळक्या रबराचा वास येत होता. टायरच्या बाजूला, वरच्या कडेच्या खाली, सुरीने आखल्यासारखी गोल रेघ पडली होती. चाक थोडं फिरवायला सांगितलं, तेव्हा त्या रेघेतून पांढरा दोरा दिसला. वीतभर लांबीत. उजवीकडे गेलो. तिथेही तीच रेघ. दोरा दिसत नव्हता, पण नखाने दाबलं तर नख आत जात होतं.

दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. "करकर येत होती रं. मी म्हनलं ब्रेकची असंल."

"मी कधीची सांगत होते, वास येतोय," माझी बायको म्हणाली.

"दादा, माप चुकलं माझं. इंचभर."

"तुझं?"

"माझं. काठ धरायचा राहिला."

त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग वरच्या वळणाकडे बघितलं. ते वळण मोठं आहे आणि उजव्या हाताला कठड्यापलीकडे खाली खोपोली दिसते. "सुटे असते त्याच्याकडं," तो नारळवाल्याकडे मान करून म्हणाला, "तर आमी आता तिथं असतो."

नारळ फोडायचं कोणी नाव काढलं नाही. वहिनीने तो पिशवीत टाकला.

"भावजी," ती म्हणाली, "मला मोटारीतलं काय कळत नाय. तुमची वही हाय म्हणून मी बसले हो यात."

तिचा आवाज चढलेला नव्हता.

जादा चाक एकच होतं, तेही जुनं तेरा इंची. बायका आणि बाळ खाली जाणाऱ्या एका ओळखीच्या टेंपोतून खोपोलीला उतरल्या. मी बघत होतो, वहिनीने मागे वळून गाडीकडे बघितलं नाही. क्रेन यायला दोन तास लागले. तोवर आम्ही दोघे भाऊ कठड्यावर बसलो होतो. दादाने मला एकदाच विचारलं, "सहा कट्टे भरून बघितलं, तरी नाय कळलं?" मी म्हणालो, "कट्टे वळत नाय दादा." तो म्हणाला, "व्हय, ते खरं." क्रेनने गाडीची मागची बाजू उचलली तेव्हा तो आत जाऊन स्टिअरिंगवर बसणार होता. क्रेनवाल्याने बसू दिलं नाही.

जुनी तेरा इंची चाकं पुन्हा चढली. टायरवाल्याने चारही रिमं आणि पुढचे दोन टायर मागे घेतले आणि पंचवीस हजार परत केले. मागचे दोन टायर त्याने दुकानाबाहेर फेकले. मी त्यातल्या एकाची ती रेघ पट्टीने मोजली. पूर्ण वेढ्यातली जवळजवळ निम्मी दोऱ्यापर्यंत गेली होती. गाडी आता अंगणात असते. दादा ती रोज सकाळी सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवतो. कार्ल्याला कधी जायचं, हा विषय अजून कोणी काढलेला नाही.

क्रेनवाल्याला साडेतीन हजार मी घाटातच दिले होते. बुडाले ते तेवीस हजार सहाशे. बुधवारी सकाळी ते घेऊन मी दादाकडे गेलो. "मला नको देऊ," तो म्हणाला, "तिला दे." वहिनी नुकतीच डेअरीला दूध घालून आली होती. तिने पदराला हात पुसले, नोटा घेतल्या, आणि माझ्यासमोर उभी राहून दोनदा मोजल्या.