उंबऱ्यात बसलेली भागम्मा

मानवतच्या भागम्माला राग यायचा तो आवाज न करता. भांडी आदळणं, बोटं मोडणं तिच्यात नव्हतं. तेल मापताना हात स्थिर, जबडा मात्र आवळलेला. नवरा सांबप्पा गेल्यावर किराणा दुकान तिनं एकटीनं चालवलं. रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळव्यावर घेऊन पूजा करायची, भस्म लावायची, मगच दुकान उघडायची. देवाकडं मागणं एकच, वीरुपाक्षाला चार अक्षरं येऊ दे.

वीरुपाक्ष तिचा एकुलता. लहानपणी गोवरात तापला आणि उठला तो बहिरा होऊन. तोडकंमोडकं बोलायचा, ते आईलाच कळायचं.

निजामाचा अंमल होता. गावच्या शाळेत सगळा अभ्यास ओरडून चाले. मास्तर पुढून म्हणणार, पोरं मागून. वीरुपाक्ष दोन वर्षं पाटी घेऊन जायचा आणि भिजलेल्या सदऱ्यानं परत यायचा. पोरं दंगा करत असतील, असं भागम्माला वाटायचं. एकदा गिऱ्हाइकाकडं गूळ पोचवायला ती शाळेवरून गेली. आत पाढे चाललेले आणि वीरुपाक्ष आडाचं पाणी शेंदून शाळेचा रांजण भरतोय. पाटी कोपऱ्यात पडलेली, कोरी.

बन्सीधर मास्तर वाईट माणूस नाही, असं गाव म्हणायचं. वाईटपणाला काय शिंगं असतात? तिनं विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, त्याला ऐकू येत न्हाई, मी काय करू? पाणी भरायलाय तर कामाला तरी लागला."

भागम्मा त्या दिवशी पोराला घरी घेऊन आली. शिकवायचं कसं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्याच श्रावणात भाऊबंदांची पोरं दीक्षेला बसणार होती. दीर चन्नप्पानं सांगितलं, वीरुपाक्षाला बसवू नका. गुरू मंत्र देतो तो कानात, ह्याचा कानच बंद, मंत्र जाणार कुठून? घरच्या बायकांनीही माना डोलावल्या. भागम्मानं हातातली परात खाली ठेवली. शाळेनं कान पाहिला तो पाहिला, आता देवाच्या दारातही कानच बघायला लागले. पोराचा हात धरून ती दीक्षा द्यायला चारठाण्याहून आलेल्या म्हाताऱ्या स्वामींपुढं थेट उभी राहिली.

"शरणार्थ, स्वामी. ज्याला ऐकू येत न्हाई त्याला शिव न्हाई काय?"

स्वामी चन्नप्पावरच चिडले. मंत्र कानातच राहतो हे तुला कुणी सांगितलं, म्हणाले. त्यांनी पोराला समोर बसवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा तळवा आपल्या गळ्याला लावला आणि पंचाक्षरी सावकाश, ओठ दिसतील अशी म्हटली. पुन्हा म्हटली. पुन्हा. पोरगं ओठांवरची नजर काढीना. शेवटी त्याच्या तोंडून वेडंवाकडं का होईना, "नमः शिवाय" निघालं.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भागम्माचं डोकं मात्र आणखी तापलं. एवढंच होतं? समोर बसवायचं, तोंड दाखवायचं? आणि एवढ्यासाठी लेकराची दोन वर्षं रांजणात गेली?

ती शाळेत गेली. पोराला पुढं बसवा, त्याच्याकडं बघून बोला, फळ्याकडं तोंड करून बोलू नका, असं तिनं सांगितलं. मास्तर म्हणाले, पुढं देशमुखाची पोरं बसतात, त्यांना कसं उठवू? एका बहिऱ्यापायी सारा वर्ग खोळंबायचा काय?

भागम्मा बाहेर गेली आणि भरलेला रांजण तिनं कलंडून दिला. अंगणभर पाणी झालं.

"ज्याला तहान लागंल त्यानं शेंदावं," ती म्हणाली. "माझं लेकरू शिकाया आलंय."

मग पोराला देशमुखाच्या पोरांपुढं बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. दुकान संध्याकाळी उघडू लागली, गिऱ्हाइकं कुरकुरली. चन्नप्पा चारचौघांत म्हणायचा, "वयनी आता शाळेच्या मुनशी व्हायल्यात." त्यावर तिनं तराजू त्याच्याकडं पाठवून दिला, तोवर तुमी दुकान बघा म्हणून. मास्तरांची पाठ वळली की उंबऱ्यातून आवाज यायचा, "मास्तर, तोंड इकडं." पोरं हसायची. पण मास्तर वळायचे.

संक्रांत झाली तसा वीरुपाक्ष फळ्यावरचं वाचू लागला. मास्तर गावभर सांगू लागले, बहिऱ्याला शिकवलं मी. भागम्माला म्हणाले, "आता लय झालं बाई. घरी बसा. पोरगं हुशार हाय."

"पोरगं हुशार पयलंपासूनच हाय," ती म्हणाली. "मी उठले की तुमची पाठ फिरंल."

मास्तर हसले, खडू घेऊन फळ्याकडं वळले आणि तसंच बोलू लागले. भागम्मा तोंड उघडणार, तोच वीरुपाक्ष जागेवरून उठला आणि मास्तर व फळा यांच्या मधे जाऊन उभा राहिला. मास्तरांच्या तोंडाकडं बघत. हलेना.

वर्गात कुणी हसलं नाही. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, त्याच्याकडं बघून.

भागम्मा मात्र त्या दिवशीही उंबऱ्यातून उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.