सोड्याने धुतलेली गाडी

दारव्ह्यात माझ्याइतका मोठा ड्रायव्हर झाला नाही, हे मीच सांगतो म्हणून खरं माना. आमची पिकअप लष्कराने लढाईनंतर टाकून दिलेली. तिच्या दाराला भोकं होती. गंजाचीच, पण मी ती बंदुकीच्या गोळ्यांची म्हणून सांगायचो, आणि दर बाजाराला एक भोक वाढायचं.

गाडी एका जिनवाल्या मालकाची. खेड्यांतला कापूस उचलून सरकी काढायच्या जिनात आणायचा, हे माझं काम. साठ सालानंतरच्या एका पावसाळ्यात ती उभी राहिली ती उभीच. उंदरांनी आतली वायर खाल्ली होती, तीही जावयासारखी, निवांत बसून. दिवा लावला की हॉर्न वाजे, हॉर्न दाबला की इंजिन बंद.

मालक म्हणाले, "हे पाय, पहिली वेचणी लागायच्या आत गाडी चालू झाली तर ठीक. नाही तर मी बैलबंड्या लावतो अन् गाडी भंगारात देतो. मंग तुह्यं तू पाय."

मला गाडी हाकण्याखेरीज या जगात काहीच येत नव्हतं. शेतात निंदायला बसलो तर तण राहायचं आणि पऱ्हाटी उपटली जायची.

मग मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा माणूस, पण मोटारी त्याच्या नुसत्या खोकण्याने चालू होत, असं मीच गावभर पसरवलं होतं. त्याने बोनेट उघडलं आणि सांगितलं, "सारंच वायरिंग नवं घाला लागते."

मालकांनी महिनाभर खटपट करून नागपूरहून वायर मागवली. ती आली सगळी एका रंगाची, काळी. मिस्त्रीला अक्षरओळख नव्हती, पण त्याची स्वतःची रीत होती. त्याने जुनं धोतर फाडून चिंध्या केल्या. काही कुंकवाच्या पाण्यात बुडवल्या, काही हळदीच्या, आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकेक बांधली. लाल चिंधीची वायर बॅटरीकडून करंट आणणारी, पिवळीची गाडीच्या लोखंडाला जाणारी, पांढरीची दिव्यांची.

"लाल अन् पिवळी एक झाली का होळी समज," तो म्हणाला.

चार दिवस तो गाडीखाली पाठीवर पडून होता. पाचव्या दिवशी नुसती टोकं जोडायची राहिली. मिस्त्री जेवायला घरी गेला. मालक थोड्या वेळाने येणार होते, आणि इंजिनाभोवती तर तेलाचा इतका चिखल, की त्यात धान पेरावं. मला लाज वाटली. गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि नवरदेवाला न्हाऊ घालावं तसं इंजिन घासलं. चिंध्या भिजल्या. इंजिनाकडच्या पिवळ्या चिंध्यांपैकी काही लाल दिसायला लागल्या. मनात म्हटलं, कुंकू ओघळलं असेल. रंग लागला म्हणून वायर थोडीच बदलते!

मिस्त्री आला, तोवर मालकही आले होते. मिस्त्रीने चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"काहून रे, लाल चिंध्या इतक्या होत्या काय?"

मी इंजिन धुतलं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मालक ऐकत होते, आणि माझी जीभ माझ्याआधी धावते. म्हटलं, "मिस्त्री, बुढापा आला तुम्हाले! आता मोटारी सोडा, नातवंडं खेळवा."

मालक हसले. मिस्त्रीही हसला, जरा उशिराने. मग त्याने चिंध्या पाहून टोकं जोडली आणि बॅटरीला वायर लावली.

धूर असा निघाला, की तिकडे बाभुळगावात बायांनी आभाळ आलं म्हणून वाळवण उचललं. पण खरं सांगायचं तर, मी बॅटरीची वायर उपटून काढेपर्यंत सगळी नवी वायर जळून गेली होती. मिस्त्री स्वतःच्या हातांकडे पाहत उभा होता.

"माहे डोये गेले, मालक," तो म्हणाला. "गाडीचा दोष नाही."

मालकांनी बोनेट लावलं.

घरी बायकोने माझा सदरा हातात घेतला. चिंध्या रंगवताना त्यावर उडालेले हळदीचे शिंतोडे लालभडक झाले होते.

"सोडा सांडला काय यावर? हयदीले सोडा लागला का लालच होते ते. पोरीसोरीले मालूम हाये, अन् तुम्हाले नाही?"

मी अंतरं नेहमी वाढवून सांगतो, पण हे अंतर जसंच्या तसं सांगतो: माझ्या दारापासून मिस्त्रीचं घर चाळीस पावलं. गेलो नाही. वाटलं, पुन्हा वायर येईल, गाडी चालू होईल, निदान मी तरी कामावर राहीन. वायर आली नाही. वेचणी आली. जिनासमोर बंड्यांची रांग लागली. मिस्त्रीने त्यानंतर पान्याला हात लावला नाही. कोणी बोलवायला आलं तर डोळ्यांकडे बोट दाखवायचा.

भंगारवाला यवतमाळचा. गाडीला पुढे बैल जुंपले, आणि स्टिअरिंग धरायला माणूस हवा म्हणून मला बसवलं. गावातून निघालो तसे लोक हसत होते. एरवी मी त्यांना चार गोष्टी रंगवून ऐकवल्या असत्या.

वेशीजवळ मिस्त्री उभा होता. तो खिडकीपाशी आला.

"उतारावर संभायजो बाप्पा. ब्रेक मीच कसले हायेत. ते तरी बरोबर असतीन."

"हो, मिस्त्री," एवढंच मी म्हणालो.

पुढे उतार लागला. मी पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, इतकी पक्की, की बैलांच्या मानेला हिसका बसला.