लग्नाची विहीर मे महिन्यात गोड का होते

निर्मळचा तलाव मागे पडला तोवर पॉलिनच्या पिशवीतल्या बाटल्या जड झाल्या होत्या आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. तरी ती थांबायला तयार नव्हती. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, डोक्यावर ऊन, पोटात फक्त सकाळची पेज. भुईगावच्या बाजूने सुरुवात करून एकेका विहिरीवर थांबत आम्ही आमच्या आळीकडे परतत होतो. पॉलिन दोरीला बांधलेली बाटली आत सोडायची, वर ओढायची, पेनासारखं एक यंत्र पाण्यात बुडवायची आणि खारटपणाचा आकडा मला सांगायची. तो चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवायचं काम माझं.

"जीना, अक्षर नीट काढ गं. माझी कॉलेजातली पोरं बरी लिहितात."

"मग त्यांना आणायचं होतंस उन्हात."

"ती येत नाहीत, म्हणून तर तू."

पॉलिन आणि मी गावच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायचो. दहावीनंतर मी शिवणकामाला लागले, ती गणिताच्या मागे लागली. आता माणिकपूरला कॉलेजात शिकवते आणि पन्नाशीला आल्यावर पीएच.डी. करते आहे. "या वयात कशाला?" असं कुणी विचारलं की म्हणते, "पोरं मोठी झाली, सासूबाई देवाघरी गेल्या, डोकं आत्ता कुठे रिकामं झालंय."

तिचा विषय आमच्या विहिरी. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून किती आत आलंय त्याचा ती नकाशा करते. सगळ्या विहिरी काही मोजता येत नाहीत. काही बुजल्या, काही बंगल्यांच्या कंपाउंडात अडकल्या. अशा विहिरीचा आधी अंदाज धरायचा. मग शेजारच्या विहिरींवरून तो सुधारायचा. तो सुधारला की बाजूचे अंदाज हलतात, म्हणून तेही सुधारायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. आकडे हलायचे थांबले की नकाशा घेऊन परत चालत निघायचं, खरं पाणी मोजायचं, चुकलं तिथे पुन्हा बसायचं.

"म्हणजे ब्लाऊजची ट्रायल," मी म्हटलं. "घाल, उसव, टाचण्या लाव, परत घाल."

"अगदी!" ती रस्त्यातच उभी राहिली. "आमच्याकडचे थॉमस सर बोलींचा अभ्यास करतात ना, तेही हेच करतात. एका म्हातारीकडे चार वेळा जातात. पहिल्या उत्तरावरून दुसरा प्रश्न सुधारतात. औषधं शोधणारे तेच, हवामानवाले तेच. कुणालाच पहिल्या फटक्यात येत नाही गं. परत फिरून कसं यायचं, तेच शिकायचं."

"रोझरीसारखं? तीच प्रार्थना परत परत?"

"शेवटच्या मण्याला तू पहिल्या मण्यासारखीच असतेस का?"

"नाही. गुडघे दुखायला लागलेले असतात."

ती इतकी हसली की पिशवीतल्या बाटल्या खणखणल्या.

आमच्या आळीच्या विहिरीशी आलो आणि तिचं हसू गेलं. ही आमची लग्नाची विहीर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बायका वाजतगाजत हिचं पाणी न्यायला येतो. नवरा असो की नवरी, आंघोळ त्याच पाण्याने. माझी झाली, पॉलिनची झाली.

तिने बाटली वर ओढली, यंत्र बुडवलं. "खारट. शेजारच्या विहिरींइतकीच. आणि मे महिन्यात, बाकीच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही तेव्हा, ही एकटी गोड! गेल्या वर्षी तसंच, त्याच्या आधी तसंच. हिचा आकडा धरला की आजूबाजूचे सगळे अंदाज बिघडतात."

"खाली गोडा झरा असेल."

"मीही तेच धरून चाललेय. भरती, चंद्र, सगळं तपासलं. गाईड मॅडम म्हणतात, ही विहीर वगळून टाक. जूनमध्ये प्रबंध दिला नाही तर माझं रजिस्ट्रेशन संपतं. इतक्या वर्षांचं काम जाईल." ती कठड्यावर बसली. "पण आपली विहीर कशी वगळू? मला वगळायची नाहीये, मला समजायची आहे."

मला वाईट वाटलं. तिला धीर द्यायचा म्हणून सुचलं ते बोलले. "होईल गं नीट. मी तर म्हणते देवाची कृपा, आमच्या नॅन्सीचं लग्न मेमध्ये आलं. आत्ता असतं तर माझ्या पोरीला खाऱ्या पाण्याने आंघोळ घालावी लागली असती."

"आत्ता कसं असेल? उपवासकाळात कुठे कुणाची लग्नं—"

पॉलिन कठड्यावरून उठली. माझ्याकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. "जीना! आत्ता लग्नं नाहीत, विहीर खारट. मेमध्ये लग्नंच लग्नं, विहीर गोड!" आणि मला तशीच सोडून बॅप्टिस्ट अंकलच्या घराकडे पळत सुटली. पन्नाशीची बाई, साडी घोट्याच्या वर धरून!

अंकलचं घर विहिरीला लागून आहे. ते ओटीवर केळीची सोपटं सोलत बसले होते.

"अंकल, मेमध्ये विहिरीत काय टाकता?"

"काय टाकणार? पाणी."

"कुठलं पाणी?"

"टँकरचं. ज्याच्या घरी लग्न, तो मागवतो. दुपारी तुम्ही बायका केसात फुलं माळत बसता, तेव्हा आम्ही पाइप सोडतो. मग काय खारं पाणी ओतायचं नवरीच्या डोक्यावर?"

माझ्या लग्नातही टँकर होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

"दोन वर्षं मी तुम्हाला विचारतेय!" पॉलिन ओरडली.

"तू विचारायचीस, पाणी गोड आहे का. मी सांगायचो, आहे. टँकर आला का, हे कधी विचारलंस?"

मला वाटलं आता ही चिडणार. तिने वाकून अंकलच्या कपाळाचा मुका घेतला. अंकल लाजून परत सोपटं सोलायला लागले.

तिथेच ओटीवर तिने लॅपटॉप उघडला. मेचा गोड आकडा काढला, त्या जागी शेजारच्या विहिरींवरून अंदाज धरला आणि गणित पुन्हा फिरवलं. मला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, मी तिचा चेहरा वाचत होते. ओठ हलत होते, मिस्सेत प्रार्थना पुटपुटताना हलतात तसे. आकडे सरकत सरकत एकदाचे थांबले. गेल्या मेमध्ये आजूबाजूच्या विहिरींवर प्रत्यक्ष मोजलेले आकडे तिने शेजारी ठेवले.

"जुळतंय," ती हळूच म्हणाली. मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं, "जुळतंय गं बाय!"

मी छातीवर क्रूसाची खूण केली. चर्चमध्ये शुक्रवारची क्रूसाच्या वाटेची प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली होती, म्हणून मी पदर सारखा करून उठले. तिने माझा हात धरून ठेवला.

"थांब. हा अजून अंदाजच आहे. ह्या विहिरीचा मेमधला खरा आकडा कुणाकडेच नाही. आणि मेमधलं पहिलं लग्न तुमच्या घरचं."

मला पुढचं कळलं होतं. तरी तिने स्पष्ट शब्दांत मागितलं, लहानपणी माझ्या डब्यातलं मागायची तसं, डोळ्यांत बघून.

"जीना, नॅन्सीच्या लग्नाला टँकर आणू देऊ नकोस. जसं असेल तसं पाणी काढा, तेच तिच्या डोक्यावर घाला. आणि पहिली कळशी वर आली की त्यातली एक बाटली मला दे."