भिंतीपलीकडचे पाढे

गाण्याच्या बाईंचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा. मोडकी बाकं, चेंडूंची पोती आणि एक पेटी यांच्यात पहिलीची मुलं दाटीवाटीनं बसायची. भिंतीपलीकडे गणिताचे सर होते. पोरांनी सूर चढवला, की पलीकडून डस्टर आपटायचं.

"बाई, आवरा तुमचं सारेगम! माझे पाढे वाहून चाललेत!"

बाई लगेच तळहात खाली दाबायच्या. मुलं तो इशारा शिकली आणि गाणं ओठांतल्या ओठांत आलं. एकीचा आवाज मात्र दाबला जाईना. तिला सगळे भोंगा म्हणायचे.

"राणी, तू नुसते ओठ हलव हं," असं सांगून बाईंनी तिला मागे बसवलं.

घरीही तेच. नवरा रात्रपाळीचा, दिवसभर झोपलेला. बाई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवायच्या. गाण्याचा तास, तोही दबक्या आवाजातला, एवढंच काय ते त्यांचं स्वतःचं होतं.

एके दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "यंदा कार्यक्रमात शेवटच्या रांगेपर्यंत गाणं ऐकू आलं पाहिजे. नाहीतर हा तास बंद, तुम्ही गणित घ्या."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना मोकळ्यानं गायला लावलं, तर पहिल्याच ओळीला डस्टर आपटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला. मुलं गात होती, पण पुढच्या खुर्च्यांपलीकडे काही पोचेना.

"अहो, आवाज सोडा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी घाईनं हात उचलला आणि सवयीनं तळहात खाली दाबला. मुलं आणखी हळू झाली. मग बाईंनी स्वतःच गायला तोंड उघडलं. आवाज आला तो जिन्याखालच्या खोलीच्या मापाचा. कासावीस होऊन त्यांनी भोंग्याकडे पाहिलं.

"गा! गा गं!"

पोरगी घाबरली. मग बाईंनाच सांभाळून घ्यावं तसं तिनं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ."

पुढच्या आठवड्यात बाईंनी त्याच खोलीत फळ्यावर दोनचा पाढा लिहिला. मुलांनी तो बेंबीच्या देठापासून म्हटला. भोंगा तर सगळ्यांच्या वरताण. पलीकडून डस्टर आपटलं नाही.

बाईंनी सवयीनं वर आलेला उजवा हात टेबलाखाली नेला आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.