गाडी बंद पडेल त्या दिवशी

माझे सासरे तोकुजी सुगावारा यांनी तीन वर्षांपूर्वी नववर्षाच्या जेवणाला सगळ्यांसमोर शब्द दिला, "ही गाडी ज्या दिवशी रस्त्यात बंद पडेल, त्याच दिवशी मी लायसन्स पोलिसांना परत करीन. तोवर माझ्यामागे कुणी भुणभुण करायची नाही."

गाडी तेव्हाच तीन लाख किलोमीटर धावली होती. मी आणि माझा नवरा नोरिहिसा, दोघांनी मनातल्या मनात हुश्श केलं. फार तर एखादं वर्ष, असं वाटलं. काय ती आमची अक्कल!

त्या दिवसापासून बाबांनी त्या गाडीची जी सेवा मांडली, तशी सासूबाईंचीही कधी केली नसेल. ऑइल मुदतीच्या आधीच बदलायचं. बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याला खातं म्हणून रोज घरी आलं की थंडीत कुडकुडत गाडीच्या पोटाखाली पाण्याचा फवारा मारायचा. सिग्नल लांबून दिसला की पाय काढून घ्यायचा, म्हणजे ब्रेक झिजायला नकोत. मागचे लोक वैतागतात, वैतागू देत.

आणि जवळच्या कामाला गाडी काढायचीच नाही. "इंजिन तापायच्या आत बंद केलं की ते आतून सडतं, मिचियो." त्यामुळे टोफू आणायला मी चालत जायचं, नाहीतर बाबांबरोबर घाटाला वळसा घालून जायचं. एकदा आइस्क्रीम घेऊन त्या वळशाने आलो. घरी पोचलं ते दूध होतं. वर बाबा खूश, "बघ, आता कशी छान तापलीय!"

मी चिडायची ती आइस्क्रीमसाठी नाही. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. पलीकडच्या गावातले एक आजोबा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून थेट भाजीच्या दुकानात घुसले होते. आमच्या घरासमोरून शाळेची पोरं चालत जातात. बाबांनी चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, त्या बसमधल्या पोरांची ही पोरं. त्यातल्या एकाला काही झालं तर? हे मी बोलून दाखवलं की बाबा फक्त गाडीकडे बोट दाखवायचे. ओरखडासुद्धा नाही.

शेवटी गाडीची सरकारी तपासणी जवळ आली तेव्हा ती करणाऱ्या गॅरेजवाल्या कोन्नो साननाच मी गाठलं.

"या खेपेला नापास करा ना हो!"

ते डोकं खाजवत म्हणाले, "कशात करू, वहिनी? हिच्याआधी माझी स्वतःचीच गाडी नापास होईल."

मी हात टेकले.

मग मार्चमधल्या एका सकाळी मी बाबांबरोबर दवाखान्यात निघाले. त्यांनी किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून अशी किंचाळी उठली की शेजारच्या आबे बाई खिडकीत आल्या. बाबा शांतपणे गिअर टाकत होते.

"बाबा, हे काय ओरडतंय?"

"कुठे काय?"

"अहो, एवढ्या मोठ्यानं!"

मी थट्टा करतेय का, हे बघायला ते माझ्याकडे वळले. मग उतरले, बॉनेट उघडलं आणि वाकून कान लावला.

"अजून ओरडतंय?"

"अजून."

"पट्टा सैल झालाय," ते हळूच म्हणाले. "आजच झाला असेल."

आबे बाई खिडकीतूनच अदबीनं वाकल्या. "आठवडाभर रोज सकाळी ओरडतेय, तोकुजी सान. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

एरवी या वेळेला मी कामावर असते, म्हणून मला पत्ताच नव्हता. बाबांनी बॉनेट लावलं. दवाखाना राहिला, आम्ही गॅरेजकडे निघालो. वाटेत रुळांवरचं क्रॉसिंग लागतं. तिथे ना फाटक ना दिवा, आणि वळणामुळे आगगाडी शेवटपर्यंत दिसत नाही. गाडी थांबवून, काच खाली करून ऐकायचं, मगच निघायचं. बाबांनी काच खाली केली आणि नुसते बसून राहिले. मागच्यानं हॉर्न दिला. तोही त्यांना ऐकू आला की नाही कोण जाणे.

"मिचियो, येतेय का गं?"

"नाही, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी रूळ ओलांडले, गाडी कडेला घेतली आणि उतरून माझ्या बाजूला आले. "सरक. तू चालव."

पट्टा बदलायला कोन्नो सानना चहा संपेपर्यंतचाच वेळ लागला. गॅरेजमधून निघताना बाबा म्हणाले, "आता पोलीस ठाण्याकडे घे."

"पण बाबा, गाडी कुठे बंद पडलीय?"

"नाही पडली ना. तू चल."

तीन वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते. आता तो आला, तर मला मेलं रडूच यायला लागलं.

ठाण्यात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं लायसन्स घेतलं, अर्ज पुढे ओढला आणि कारणाच्या रकान्यात 'वय' लिहिलं.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. "गाडीत काही दोष नाही, तेही लिहा. साडेतीन लाख किलोमीटर झाले, एकदाही रस्त्यात थांबली नाही."

मुलगी गोड हसली. "आजोबा, त्यासाठी इथे जागा नाहीये."

"असं का," म्हणून बाबांनी मान खाली घातली.

तीन वर्षांचा माझा सगळा वैताग त्या बिचारीवर निघाला.

"जागा नाही म्हणजे काय? समासात लिहा! मागच्या बाजूला लिहा! ते सांगताहेत ना!"