माझ्या कपाटाचे दोन चुंबक

"पोरगी तोंड उघडत न्हाय, आन कपाट तोंड मिटत न्हाय," आत्या स्वयंपाकघरात म्हणाली.

आई हसली. काकूही हसली. मी पलीकडच्या खोलीत, त्याच कपाटासमोर धुतलेले कपडे हातात घेऊन उभी होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती मोडनिंबहून आली की घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल तिचं एक मत पडायचं, आणि ते पडल्याचा आवाज बाहेरच्या ओट्यापर्यंत जायचा.

या वेळी मात्र तिचं खरं होतं. माझं कपाट भिंतीतलं होतं. सोलापुरातल्या आमच्या त्या जुन्या घराच्या भिंती इतक्या जाड होत्या की आत कपाट बसवूनही पुष्कळ भिंत उरली होती. कपाटाला सागवानी, जड अशी दोन दारं. चौकट एका बाजूनं खचलेली, त्यामुळे कडी एकीकडे आणि कोयंडा तिच्या बोटभर खाली. उन्हाळ्यात लाकूड आटलं की दारं कुणीतरी हाक मारल्यासारखी सावकाश उघडत. पावसाळ्यात ती फुगून घट्ट बसत, मग काही केल्या उघडत नसत. ते मला चाललं असतं. पण सोलापुरात पावसाळा असतो किती?

कपाटात विशेष काही नव्हतं. म्हणूनच ते कुणी पाहू नये असं मला वाटायचं. काहीतरी भारी सापडलं असतं तर लोक निदान गप्प बसले असते. येणारा-जाणारा प्रत्येकजण चांगुलपणानं दार लोटायचा, आणि लोटता लोटता आत बघायचा. "हे पावडरचे रिकामे डबे कशाला साठवलेत?" काका विचारायचे. "निळी ओढणी नेसत नाहीस वाटतं हल्ली," काकू म्हणायची. ओढणी नेसत नाहीत, घेतात, असं मी मनात म्हणायचे. एकदा मी आईकडे कुलूप मागितलं होतं. "कुणापासून?" तिनं विचारलं, आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही.

पटकन काही सुचायचं नाही हीच माझी अडचण होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे घरी सगळ्यांचा समज असा की मला बरंच काही येतं, फक्त मी बोलून दाखवत नाही. खरं म्हणजे मी मनात वाक्य नीट जुळवेपर्यंत घरातला विषय बदललेला असे. आमटीबद्दलचं माझं मत तयार व्हायचं तेव्हा मंडळी ताकावर आलेली असायची.

त्या उन्हाळ्यात मात्र कपाट मिटणं फार गरजेचं झालं. काकूच्या मुलाचं जावळ ठरलं होतं. काकूच्या अक्कलकोटकडच्या माहेरची सगळी माणसं येणार होती, आणि तिच्या बहिणींची झोपायची सोय माझ्या खोलीत होती. म्हणजे ते कपाट त्यांच्यासमोर दिवसरात्र आ वासून राहणार. 

मंद्रूपचा एक सुतार आमच्याकडे दुसऱ्या कामाला आला होता. त्यानं चौकट ठोकून पाहिली. "ही काडली तर भित येईल संगं," तो म्हणाला. "चुंबक बसवा की. लई सोपं काम हाय. तुमी आणून ठिवा, मी शनवारी येतो. पुढं मातर मला सवड न्हाय, गावाकडं घराचं काम धरलंय."

चुंबक मला माहीत होता. रेल्वे क्वार्टर्समधल्या मैत्रिणीकडे मी तो पाहिला होता. तिच्या कपाटाचं दार बोटानं नुसतं लोटलं की टक् असा आवाज येऊन ते स्वतःहून मिटायचं. मी तिच्याकडे गेले की काही ना काही काढून तेच दार पुन्हा पुन्हा लावत बसायचे. तिला वाटायचं, मला तिचे फ्रॉक आवडतात.

चुंबक आणायला काकांबरोबर मीही गेले. दुकानदारानं काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक पांढरा, नाजूक, साखरेच्या बत्ताशासारखा. दुसरा तपकिरी, ठोकळ्यासारखा, अजिबात देखणा नसलेला.

"दार कसलं आहे?" दुकानदारानं विचारलं.

"दारासारखं दार," काका म्हणाले.

"तसं नाही. प्लायवूडचं हलकं दार असेल तर पांढरा पुरतो. जुनं, जड, जरा वाकलेलं असेल तर दारावर ठोकलेला पत्रा चुंबकाला सपाट टेकत नाही, फट राहते. त्याला लांबून ओढणारा लागतो. आणि दारं दोन असतील तर दोन घ्या, एकाच्या भरवशावर दुसरं राहत नाही."

काकांनी पांढरा उचलला. "हा दिसायला बरा आहे."

जुनं आहे, जड आहे, वाकलेलं आहे, आणि फट माझ्या करंगळीएवढी आहे, मी आदल्या दिवशी करंगळी घालून पाहिली आहे. हे सगळं मी मनात अगदी स्पष्ट बोलले. बाहेर फक्त माझं एक बोट पुढे झालं आणि त्यानं तपकिरी ठोकळा काकांच्या दिशेनं हळूच सरकवला.

"ताईंना हा पाहिजे वाटतं," दुकानदार म्हणाला.

"हा होय? बोल की मग," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आधी किल्ल्यांचा जुडगा उचलला. मग खिळ्यांच्या डब्यावर धरला, तर खिळे मिशा फुटल्यासारखे उभे राहिले. शेवटी तो त्यांनी दुकानदाराच्या तराजूला लावून पाहिला. तो काढताना तराजूच हुकावरून निघून आला. काका खूश झाले. आम्ही दोन तपकिरी चुंबक घेऊन घरी आलो.

पांढरे घेतले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

शनिवारपर्यंत सांभाळायला म्हणून आईनं चुंबक स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले. त्याच फळीवर स्टीलची भांडी होती. पितळ जाऊन घरोघरी स्टील येण्याचे ते दिवस. कुणी काय दिलं ते भांड्यावर नावानिशी कोरलेलं असायचं. संध्याकाळी आत्यानं डाळीचं पातेलं काढलं, तर त्याच्या झाकणाला एक चुंबक लोंबकळत आला.

आत्यानं तो ओढून काढला, पुन्हा लावला, पुन्हा ओढला.

"ह्ये पातेलं कुणाकडचं गं?"

"माझ्या माहेरचं," काकू म्हणाली.

"असं," आत्या म्हणाली. त्या 'असं'मध्ये अक्कलकोटपर्यंत जाऊन यायला पुरेल एवढी जागा होती.

खऱ्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, हे तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. चुंबक मात्र कुणाकडेच नव्हता. आत्यानं लगेच फळीवरची भांडी खाली घेतली. ताटं, वाट्या, तांबे, सगळ्यांची रांग लागली. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेली भांडी एकजात चिकटली, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. माझ्या आजोळची परात चिकटली नाही. आईनं ती परात पुढच्या फळीवर ठेवली.

"एवढंच बघायचं असलं तर तुमचा डबा पण आणू का, वन्सं?" काकूनं विचारलं. आत्यानं बारशाला दिलेला कडीचा डबा तिनं स्वतःच आणला आणि चुंबक लावला. तो टक् करून बसला.

"कडीला चिकटला त्यो," आत्या म्हणाली. "डब्याला न्हाय."

"कडी डब्याचीच ना?"

"कडी लोखंडाचीच असती. दुसरा चुंबक लाव. एकाचं ऐकून काय ठरवायचं?"

दुसरा चुंबक आणला. तो पहिल्याशेजारी नेला तर दोघे एकमेकांना ढकलू लागले. "बघा," आत्या म्हणाली, "ह्यांचंच आपसात पटंना."

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीत गेली. शेजारच्या हातमाग चालवणाऱ्या तेलुगू घरातली बाई मुलीच्या लग्नाची सगळी भांडी चादरीत बांधून घेऊन आली. तपासणी तेलुगूत आणि निकाल मराठीत, असं बराच वेळ चाललं. मग चुंबकच घरोघरी जाऊ लागले. एक परत आला तेव्हा त्याला पीठ लागलेलं होतं. दुसरा कुणीतरी दोरीला बांधून आडात पडलेली बादली काढायला नेला. बादली निघाली नाही, ती पितळेची होती. मी रोज फळीकडे बघायचे, आणि 'माझे चुंबक कुठे आहेत' हे वाक्य तयार करून पुन्हा ठेवून द्यायचे.

शनिवारी सुतार आला. माझ्या खोलीत पिशवी उघडून त्यानं पेचकस काढला, दारं लोटून पाहिली, ती नेहमीप्रमाणे उघडली.

"चुंबक कुटं हायत?"

चुंबक पुढच्या खोलीत होते. तिथे बायकांचा घोळका बसला होता, प्रत्येकीच्या मांडीवर काही ना काही स्टीलचं. मधोमध काकूच्या वडिलांनी लग्नात दिलेला मोठा हंडा ठेवलेला. इतके दिवस काकूनं तो ट्रंकेमागे लपवून ठेवला होता, आणि आत्यानं तो शोधला होता. उद्या जावळाला त्याच वडिलांच्या पंगतीला बसायचं होतं. काकू भिंतीला टेकून उभी होती. आत्याच्या दोन्ही हातांत एकेक चुंबक होता.

मी दारात उभी राहिले. तोंडातून पहिल्यांदा "एक्स्क्यूज मी" निघालं. कुणीही वळून पाहिलं नाही. बरोबरच होतं, त्या खोलीत आजवर कुणी असं काही म्हटलेलं नव्हतं.

"दोन्ही एकदम लावते," आत्या घोळक्याला सांगत होती. "म्हंजी मागनं कुणी म्हणायला नको."

मागून सुताराचा आवाज आला, "ताई, न्हाय तर ऱ्हाऊ द्या. मी निगतो." पिशवीत पेचकस पडल्याचं मला ऐकू आलं. काकूच्या बहिणी माझ्या पलंगावर बसून माझ्या पावडरच्या डब्यांकडे बघताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे इतकं स्वच्छ आलं की वाक्य जुळवायला वेळच उरला नाही. मी बायकांच्या मधून वाट काढत गेले आणि आत्याच्या आणि हंड्याच्या मध्ये उभी राहिले. मी हात पुढे केला.

"आत्या, हंडा कुणाच्याही माहेरचा असू दे, चुंबक माझे आहेत. आण इकडे. दोन्ही."